चाळीस सेकंद

प्रणालीने मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "काका, ऐका."

मी वाकलो. काहीच ऐकू येईना. पडद्यावर एक म्हातारी अंगणात पाटावर बसली होती. हिरवं लुगडं, गळ्यात काळी पोत, गालांवर हळद. तिचे ओठ हलत होते आणि उजवा हात मांडीवर ठेका धरल्यासारखा खालीवर होत होता. मागे शेवग्याची फांदी हलत होती. आवाज मात्र नव्हता.

"आवाज वाढव की."

"फुल आहे. त्यांनीच काढून टाकलाय." तिने पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे बंद केला आहे.

"ओळखलंत ना हिला?"

ओळखलं होतं. चांगुणाबाय म्हात्रे, खारकोंढ्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या जोडीने धवलारीण लागते. हळद लावण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवळा, ती म्हणते. देवांना, दर्याला, डोंगराला आवतण देते. ती तोंड उघडेपर्यंत मांडवातलं कुणी पुढचं पाऊल टाकत नाही. चांगुणाबायला ऐकायला लोक दुसऱ्याच्या लग्नात बिनबोलावता जात, आणि यजमानांना त्याचा अभिमान वाटे.

शहाण्णव साली मी तिची कॅसेट केली होती. तेव्हा पेणमध्ये माझी रेकॉर्डिंगची खोली होती. ज्या दिवशी प्रणाली आली त्या दिवसापर्यंत, म्हणजे एकोणीस सालच्या फेब्रुवारीपर्यंत, त्या खोलीचं दुकान झालं होतं. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी मी पेन ड्राइव्हवर उतरवून देत असे, गणपतीच्या कारखान्यांना आणि शाळांना स्पीकर भाड्याने देत असे. एकोणसाठ वर्षांचा होतो आणि बरेच दिवस थकलेला होतो.

प्रणाली चांगुणाबायची नात, पेणच्याच एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करायची. ती सांगत होती, "आजीचं घशाचं ऑपरेशन झालं दोन वर्षांपूर्वी. आता नुसतं कुजबुजते. गाणं संपलंच. पण तुमच्या कॅसेटमधल्या एका धवळ्याचं कुणीतरी डीजे करून टाकलं नेटवर. त्याने कंपनीची रीतसर परवानगी घेतलीय म्हणे. लाखांनी पोरी नाचल्यात त्याच्यावर काका. दुबईच्या पोरी, केरळच्या. आजी दिवसभर तेच बघत बसते."

"तिला राग नाही येत?"

"छे, आवडतं तिला. एकेकीच्या कंबरेची नक्कल करते. मग एक दिवस मला म्हणाली, माजापन काढ. म्हणून मी मूळ धवळा लावला आणि ती नुसते ओठ हलवत बसली. टाकला आणि दुसऱ्या दिवशी आवाज गायब. आता ते पुरावा मागतायत की आवाज वापरायचा हक्क आमच्याकडे आहे. तिच्याच आवाजाचा पुरावा कुठून आणू? तुमच्याकडे काही कागद असेल ना? रेकॉर्ड तर तुम्हीच केलं होतं."

"बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी बघितलं काहीच नाही. कागद कुठे होता आणि त्यावर काय होतं, ते मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीच्या कंपनीला फोन लावला. माझी कॅसेट ज्या दादरच्या कंपनीने काढली होती ती केव्हाच बंद पडली होती, आणि तिचा सगळा माल या नव्या लोकांनी घाऊक उचलला होता. तीन ठिकाणी फिरून फोन सौमित्र नावाच्या एका तरुणाकडे गेला. आवाज अदबशीर होता. मी नाव सांगताच म्हणाला, "मोरेश्वर टिपणीस? सर, आम्ही तुम्हालाच शोधतोय."

"मला?"

"आमच्या फाइलला गीत-संगीत तुमचं आहे ना. गायिका चांगुणाबाई आणि सहकारी, गीत-संगीत मोरेश्वर टिपणीस. एका सिनेमावाल्यांना ते गाणं हवंय. त्यांचे वकील विचारतायत की शब्द आणि चाल खरंच तुमचीच का. तुमचं एक प्रतिज्ञापत्र लागेल, बस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याला वाटलं लाइन गेली.

"सर?"

"एका व्हिडिओचा आवाज बंद केलाय तुम्ही," मी म्हणालो, आणि प्रणालीचं सगळं सांगितलं.

"ते मशीन करतं सर, आम्ही बघतसुद्धा नाही. पण प्रतिज्ञापत्र आलं की मी तो व्हिडिओ मोकळा करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. आणि त्या आजींचा अंगठा मिळाला तर उत्तमच. सदर गाणी टिपणिसांची असून मी फक्त गायिली, एवढं एका ओळीत. मजकूर मी पाठवतो."

संध्याकाळी मजकूर आला. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला.

माझं नाव तिथे कसं गेलं, तेही सांगतो. शहाण्णव साली दादरच्या माणसाने इनलेचा कागद, म्हणजे कॅसेटच्या डबीत घालायचा कागद, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "पारंपरिक लिहिलंत तर उद्या कोणीही छापेल. कुणाचं तरी नाव घाला." तो कुणाचं तरी म्हणाला होता, माझं नव्हे. मी छत्तीस वर्षांचा होतो. पेटी बरी वाजवायचो, दोन भावगीतांना चाली लावल्या होत्या आणि त्या कुणी घेतल्या नव्हत्या. मी पेन उघडलं. कॅसेट आली तेव्हा बायकोने डबी शोकेसमध्ये ठेवली. पाहुण्यांना दाखवायची. ती गेली तोवर मीही ते जवळजवळ खरं मानायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटरवरून खारकोंढ्याला गेलो. खाडीच्या कडेचं गाव. बंधारा फुटल्यापासून निम्मी शेती खारी झालेली. पिशवीत तो कागद होता आणि शाईचा पॅडही. स्कूटरवर मी स्वतःला सांगत होतो, म्हातारीचा व्हिडिओ वाजेल, तिला बरं वाटेल, मग काय हरकत आहे.

चांगुणाबाय पडवीत सुपात सुकट निवडत होती. मला बघून तिने हातानेच बस म्हटलं. गळ्याला सुती फडकं बांधलेलं होतं. बोलायची तेव्हा मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागायचा. सुनेने चहा ठेवला आणि ती मागच्या दारी गेली.

"म्हातारा झालास टिपनीसभाऊ," ती कुजबुजली.

"तुम्ही कुठे तरुण राहिलात चांगुणाबाय."

ती हसली. सुकटीतला खडा काढून तिने अंगणात टाकला.

मी पिशवीतून कागद काढला. वाचून दाखवायला सुरुवात केली आणि "सदर गाणी" याच्या पुढे मला जाता येईना. मग कागद मांडीवर ठेवून तोंडीच सांगितलं, की कॅसेटवर गाणी माझी म्हणून माझं नाव घातलं होतं, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

"मना ठाव हाय."

"कधीपासून?"

"कॅसेट आली तवाच. जावेच्या पोरानं वाचून दावला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

ती जरा वेळ श्वास जमवत राहिली. "काय बोलाचा? धवला का माजा हाय? तुजा नाव लावलास, लाव. लगीन लागताना कोन डबी वाचतंय?" मग तिने कागदाकडे बघितलं. "याच्यावर अंगठा दिला तं माजा व्हिडिओ वाजल?"

"वाजेल."

"मंग दे."

तिने लुगड्याला बोटं पुसली आणि अंगठा पुढे केला. मी पॅड उघडलं. पॅड कोरडं पडलं होतं. मी त्यावर थेंबभर पाणी घालत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा."

"धाकलीबायला का कापलास?"

मला आधी काही कळेना. नाव ओळखीचं वाटलं, पण माणूस आठवेना.

"माजी गुरू. आवऱ्याची, उरनच्या बाजूची. तिच्या मांडीला मांडी लावून शिकली मी, सात वर्सां. धवल्याच्या अगोदर तिचा नाव घ्यायचा असतो. तुज्या मशीनसमोरपन घेतला मी. कॅसेट ऐकली तं ते नाय."

तेव्हा मला आठवलं. पहिल्या बाजूला टेप पुरत नव्हती. चाळीस सेकंद जास्त होत होते. सुरुवातीला ती काहीतरी सुरात पुटपुटते, गाणं अजून सुरू झालेलं नाही, असं समजून मी कंपनीच्या कॉपीतून तो भाग उडवला होता. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"टेप पुरत नव्हती," मी म्हणालो. "चाळीस सेकंद."

"चाळीस शेकंद," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्या घशात रागापुरता जोरच उरला नव्हता. "तवा ती जिती होती. तिनं ऐकली कॅसेट. लोकांनी तिला सांगला, चांगुना मोठी झाली, तुना इसरली."

"मग? ती काय म्हणाली?"

"काय नाय. मी जिथं असेल त्या लग्नात येयाची बंद झाली. दोन वर्सांनी वारली. मना सांगावा नाय आला."

ती पुन्हा सुकट निवडायला लागली. थोड्या वेळाने तिला अंगठ्याची आठवण झाली आणि तिने तो परत पुढे केला. मी पॅड मिटलं.

"काय रं?"

"शाई नाही," मी म्हणालो, आणि चहा अर्धा टाकून उठलो.

त्या आठवड्यात मी कंपनीला पत्र लिहिलं. शब्द माझे नाहीत, चाल माझी नाही, धवळे परंपरेचे आहेत, चांगुणाबाय म्हात्रे ते आवऱ्याच्या धाकलीबायकडून शिकल्या, माझं नाव काढून टाकावं. दोनदा लिहून काढलं, सही केली, मेलही केली आणि पोस्टानेही पाठवलं. पत्र पेटीत पडलं तेव्हा मला बरं वाटलं. हे कबूल करायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या बरं वाटण्यामुळेच झालं. प्रणालीला मी काहीच विचारलं नव्हतं.

सौमित्रचा फोन दोन दिवसांनी आला. आवाजातली अदब तशीच होती. "सर, तुम्ही हे लिहायच्या आधी एकदा बोलला असतात तर बरं झालं असतं. आता मालकीचा वाद आहे अशी नोंद झाली. लीगलने गाणं सगळीकडून उतरवलंय."

"सगळीकडून म्हणजे?"

"डीजेचं व्हर्जन, त्यावरचे सगळे व्हिडिओ, सगळंच. सिनेमावाल्यांनी दुसरं गाणं घेतलं."

"आणि चांगुणाबायचा व्हिडिओ?"

"तो कसा सुटेल सर? गाणं कुणाचं, हेच आता ठरायचंय. आणि पारंपरिक म्हणता, तर ठरवणार कोण?"

प्रणाली त्याच दिवशी दुपारी आली. दवाखान्याचा पांढरा कोट अंगावर तसाच होता. तिने माझ्यासमोर मोबाइल धरला आणि बोटाने एकेक व्हिडिओ सरकवत राहिली. परकर-पोलक्यातल्या पोरी, हळदीच्या मांडवातल्या करवल्या, वर्गातल्या बाकांमधून नाचणारी कॉलेजची मुलं. सगळे मुकाट नाचत होते.

"सकाळपासून आजी मोबाइल कानाला लावून बसलीय. बिघडलाय म्हणते. मी काय सांगू तिला?"

मी तिला खरं काय ते सांगितलं. इनलेचं, प्रतिज्ञापत्राचं, धाकलीबायचं, पत्राचं. ती उभ्यानेच ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुमचं मन मोकळं झालं."

"प्रणाली, खोटं किती दिवस..."

"तेवीस वर्षं चाललं होतं ना? अजून दोन वर्षं चाललं असतं. तिच्याकडे तेवढीच आहेत काका. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट मला दाखवलेत." ती रडली नाही. मोबाइल खिशात घातला. "तुम्ही खरं बोललात आणि किंमत तिने दिली."

ती गेल्यावर मी शटर ओढून घेतलं आणि माळ्यावर चढलो.

मूळ रेकॉर्डिंगच्या टेपची स्पूल तिथे होती. कापाकापी मी कॉपीतच केली होती. कोकणातल्या दमट हवेने टेपवर पांढरी बुरशी धरलेली, आणि मशीनचा रबरी रोलर दगडासारखा कडक झालेला. गोरेगावच्या एका निवृत्त रेकॉर्डिस्टने त्याच्या मोडक्या मशीनमधला रोलर काढून दिला. मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी हातभर टेप ओढायचो, सुती कापडाने पुसायचो, गुंडाळायचो. मान दुखून येई. अकराव्या दिवशी टेप फिरली.

आधी चटईवर कुणीतरी सरकल्याचा आवाज, मग बांगड्या. मग चांगुणाबायचा भरलेला, खणखणीत आवाज. धाकलीबाय, तुझ्या मांडीचा धवळा, तुझ्या तोंडचा धवळा, माझं चुकेल ते माझं, बरोबर येईल ते तुझं, अशा अर्थाचं ती सुरात सांगत होती. बरोबर चाळीस सेकंद. मी स्टूलवर बसून होतो. पुन्हा लावण्याची हिंमत मला झाली नाही.

तो धवळा मी सुरुवातीपासून नेटवर चढवला. कंपनीकडचं रेकॉर्डिंग कापलेलं होतं, हे माझ्या टेपवरचं अखंड. उतरवतील तेव्हा उतरवोत, असं ठरवलं. खाली लिहिलं: आवाज चांगुणाबाय म्हात्रे, खारकोंढे. शिकवणारी धाकलीबाय, आवरे. आणि माझी चूकही लिहिली, चार ओळींत. पहिल्या पंधरवड्यात तो जेमतेम तीनशे लोकांनी ऐकला. त्यावर कुणी नाचलं नाही.

पण बायका लिहायला लागल्या. एकीने लिहिलं, आमच्याकडे दुसरं कडवं वेगळं आहे. दुसरीने ते वेगळं कडवं लिहून पाठवलं. पनवेलच्या एका आजींनी नातवाकडून लिहवून घेतलं की हळदीचा धवळा उभ्याने म्हणत नाहीत, हे पोरींना सांगा. आणि एके दिवशी सुप्रिया घरत नावाच्या मुलीने लिहिलं: धाकलीबाय माझ्या आजीची आई. आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही. तिचं नाव कुणाच्या तोंडी आहे, हे आज कळलं. सोबत तिने स्वतः म्हटलेला धवळा पाठवला होता, माझ्या टेपवरून ऐकून बसवलेला. आवाज कोवळा होता, पण सुरात होता.

प्रणाली माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला ते नुसतं पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आजी म्हणते या."

मी गेलो तेव्हा चांगुणाबाय खाटेवर उशीला टेकून होती. महिन्याभरात बरीच उतरली होती. प्रणालीने आधी मूळ धवळा लावला. धाकलीबायचं नाव आलं तेव्हा म्हातारीने डोळे मिटले, आणि चाळीस सेकंद संपून गाणं पुढे गेलं तरी ते उघडले नाहीत. मग प्रणालीने सुप्रियाचं लावलं. तेव्हा उघडले. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. तिने नातीला खूण करून जवळ बोलावलं.

प्रणालीने कान लावला आणि मला सांगितलं, "चुकलीय म्हणते. आवतण आधी दर्याला, मग डोंगराला. हिने उलटं सांगितलं."

मी म्हणालो, "तिला कळवतो."

म्हातारीने जोरात मान हलवली. या वेळी ती काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं. "कलवून नाय व्हत. बोलव तिला."

सुप्रिया रविवारी आली, आईला घेऊन, उरणहून दोन एसट्या बदलून. एकवीस वर्षांची, बँकेच्या परीक्षा देणारी. खाटेजवळ चटईवर बसली आणि मोबाइल पुढे ठेवला. "आजी, रेकॉर्ड करू?"

चांगुणाबायने मोबाइल उचलून प्रणालीच्या हातात दिला. सुप्रियाला खाटेवर बसवलं, तिचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर ठेका द्यायला लागली. शब्द कुजबुजायची, पोरगी ते सुरात म्हणायची. चुकलं की म्हातारी हातावर चापट मारायची. मी पडवीत जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने प्रणाली बाहेर आली आणि चहाचा कप माझ्याजवळ ठेवून आत गेली.

त्या उन्हाळ्यात सुप्रिया सात वेळा आली. सोळा धवळ्यांपैकी नऊ झाले. पावसाळ्यात चांगुणाबायचा तोही आवाज गेला आणि श्रावणात ती वारली. डॉक्टरांनी दोन वर्षं म्हटली होती. सहा महिनेही झाले नाहीत.

कंपनीचा वाद अजून तसाच आहे. सौमित्रने नोकरी बदलली. त्याच्या जागी आलेल्या बाईंना धवळा म्हणजे काय ते मला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागलं.

सुप्रिया आता बँकेत आहे, आणि सुटी घेऊन लग्नांत धवळे म्हणायला जाते. मागच्या वैशाखात तिला पेणला एका मांडवात भेटलो. उरलेले सात धवळे माझ्या टेपवर आहेत, चांगले स्वच्छ केलेत, कधीही येऊन घेऊन जा, असं मी तिला म्हणालो.

"तुम्ही पाठवले होते ना काका, ऐकलेत मी," ती म्हणाली.

"मग म्हणत का नाहीस?"

तिने बोलवायला आलेल्या नवरीकडच्या बायकांना हाताने थांबा अशी खूण केली.

"ऐकलेत," ती म्हणाली. "शिकले नाही."